स्ट्रिंग ऑफ पर्ल्स दर पावसाळ्यात का सडतं?

तक्रार बहुतेक वेळा एकाच क्रमाने येते. दिवाळीच्या आसपास नर्सरीतून स्ट्रिंग ऑफ पर्ल्सची, हिरव्यागार मण्यांनी भरलेली लटकती कुंडी आणली जाते. थंडीभर झाड सुरेख वाढतं, सरी हातभर लांब होतात. मे महिन्यात ते मलूल दिसू लागतं, म्हणून पाणी वाढवलं जातं. मग पाऊस सुरू होतो आणि जुलैत कधीतरी एखाद्या सरीला हात लावावा तर ती अख्खी बुडापासून निसटून हातात येते. दुसऱ्या दिवशी दुसरी, मग तिसरी. महिनाअखेर कुंडीत नुसती ओली माती उरते. पुढच्या दिवाळीला पुन्हा नवं झाड.

हे चक्र मोडता येतं. पुण्या-नाशकात ते सोपं आहे, मुंबई-ठाणे आणि कोकणात जरा जास्त लक्ष द्यावं लागतं. पण त्यासाठी आपली नजर आधी वर न्यावी लागते. या झाडाची तब्येत लोंबणाऱ्या सरींवरून कळत नाही. ती कळते कुंडीच्या माथ्यावरून, म्हणजे सरी जिथून मातीतून बाहेर येतात त्या जागेवरून. प्रत्येक मणी हे एक पान आहे आणि त्यात पाणी साठवलेलं असतं. वर सरीचं बूड कुजलं, मुळं मेली, तरी खालचे मणी त्या साठ्यावर कित्येक दिवस टवटवीत दिसत राहतात. जुलैत आपल्याला दिसणारं मरण जूनमध्येच, कधी मेच्या शेवटी सुरू झालेलं असतं. म्हणून "कालपर्यंत छान होतं, अचानक गेलं" असं जवळपास प्रत्येकजण म्हणतो.

झाड मूळचं कुठलं हे कळलं की बराच उलगडा होतो. कुरिओ रोलेयानस हे त्याचं आजचं शास्त्रीय नाव. जुन्या पुस्तकांत सेनेसिओ रोलेयानस असं सापडेल. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ गॉर्डन रोली यांच्यावरून हे जुनं नाव १९६८मध्ये दिलं गेलं. कुळ शेवंती-झेंडूचं. दक्षिण आफ्रिकेतल्या पूर्व केपच्या कोरड्या भागात ते जमिनीवर पसरतं, झुडपांच्या आणि खडकांच्या आडोशाला. लोंबायची त्याला तिथे गरजच पडत नाही. सर सरपटत जाते आणि जिथे मातीला टेकते तिथे मूळ धरते. म्हणजे मुळं उथळ, भोवतीची माती खडेमिश्रित, पाऊस मोजका आणि हवा कोरडी. आपण हेच झाड उचलून छताच्या आकड्याला टांगतो, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) गोळ्यात बसवतो आणि वरून चार महिने दमट हवा देतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कुंडी छपराखाली असली तरी त्या दिवसांतल्या हवेत तिच्यातलं पाणी उडून जायला जागाच नसते.

मणी सुरकुतलेत: तहान की कूज?

सगळ्यात जास्त झाडं या एका प्रश्नाचं उत्तर चुकल्यामुळे जातात. पाणी कमी पडलं तरी मणी सुरकुततात आणि पाणी जास्त होऊन मुळं कुजली तरीही सुरकुततात, कारण दोन्ही वेळा पाणी मण्यांपर्यंत पोचत नसतं. सुरकुती दिसली की हात तांब्याकडे जातो. तहान असेल तर झाड वाचतं, कूज असेल तर त्याच तांब्याने ते जातं.

ओळखायचं असं. आधी कुंडी हातात घेऊन वजन बघा. कुंडी हलकी आणि मणी सुरकुतलेले, तर तहान. कुंडी जड आणि मणी सुरकुतलेले, तर मुळांचं काहीतरी बिघडलंय. पाणी अजिबात घालू नका. मग मणी चिमटीत धरून बघा. तहानलेला मणी आक्रसतो, पण हिरवा आणि चिवट असतो. कुजलेला मणी पिवळट-तपकिरी, काचेसारखा आरपार दिसणारा आणि लिबलिबीत होतो. प्रत्येक मण्यावर एक अर्धपारदर्शक रेघ असते. तिच्यातून प्रकाश पानाच्या आत शिरतो. मणी भरलेला असताना ती रुंद दिसते, पाणी संपत आलं की बारीक फटीसारखी होते. ही रेघ बघायची सवय लागली की पाण्याचं वेळापत्रक भिंतीवर लिहून ठेवावं लागत नाही.

शेवटची खात्री बुडाशी. सरी हाताने बाजूला करा आणि मातीलगतचा देठ बघा. हिरवा किंवा कोरडा-लाकडासारखा असेल तर ठीक. काळपट, पाणीदार आणि दोऱ्यासारखा बारीक झाला असेल तर कूज सुरू झाली आहे. सर अगदी हळू ओढा. मुळं शाबूत असतील तर ती विरोध करते.

मणी तडकत असतील तर ती वेगळी गोष्ट आहे. बरेच दिवस कोरडं ठेवून एकदम भरपूर पाणी दिलं की मणी फुगून फुटतात. दिसायला वाईट, पण झाडाला धोका नाही. पुढच्या वेळी थोडं आधी आणि थोडं कमी द्या.

कुंडी आणि माती

नर्सरीतलं झाड पॉलिहाउसमधून येतं. तिथे ते जवळजवळ निव्वळ कोकोपीटमध्ये वाढवलेलं असतं. नर्सरीवाल्यांचं काही चुकत नाही, हलकं माध्यम वाहतुकीला बरं पडतं आणि त्यांच्याकडे पाण्यावर रोज लक्ष असतं. घरी मात्र हाच गोळा त्रास देतो. ओला असताना तो पाणी धरून ठेवतो, बारीक पोकळ्या पाण्याने भरतात, मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरून मरतात आणि मेलेल्या मुळांवर बुरशी चढते. उन्हाळ्यात तोच गोळा सुकून आकसला की कुंडीच्या कडेने फट पडते. आपण घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं आणि मधली मुळं कोरडीच राहतात.

म्हणून झाड आणल्यावर, ऋतू बरा असेल तर, दोन आठवड्यांत कुंडी बदलावी. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा त्यासाठी उत्तम काळ. जून-जुलैत झाड धडधाकट असेल तर मुळांना हात लावू नका. बदलताना मुळांभोवतीचं कोकोपीट बोटांनी जमेल तेवढं झाडून काढा. आत जाळीची किंवा कागदाची छोटी पिशवी निघाली तर ती कापून टाका. कित्येक कुंड्यांत सगळी कूज त्या पिशवीतूनच सुरू झालेली दिसते.

मातीचं प्रमाण मी असं सुचवेन: दोन भाग चाळलेले विटांचे तुकडे किंवा सिंडर (जळक्या कोळशाची खडी), एक भाग परलाइट (नर्सरीत मिळणारे पांढरे, हलके खडे), आणि एक भाग गांडूळखत व कोकोपीट मिळून. विटांचे तुकडे तुरीच्या डाळीपासून हरभऱ्याएवढे असावेत. खालची भुकटी फेकून द्या, ती ठेवली तर चिखल होतो. परलाइट नसेल तर धुतलेली जाड वाळू चालेल. काळी माती मुळीच नको. लाल मातीसुद्धा टाळा. बागेतल्या मोगऱ्याला ती उत्तम असली तरी इथे ती दाबून बसते. मिश्रण जमलं का, हे बघायचं असेल तर भरलेल्या कुंडीवर ग्लासभर पाणी ओता. पाणी वर तुंबलं तर खडा वाढवा.

कुंडी पसरट आणि उथळ हवी. मुळं चार इंचांच्या खाली फारशी जातच नाहीत, त्यामुळे खोल कुंडीच्या तळाची माती विनाकारण ओली राहते. लटकत्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांना खाली एक बशी चिकटवलेली असते. ती काढून टाका. फरशी खराब होते म्हणून लोक ती ठेवतात, पण पावसाळ्यात त्या बशीतलं पाणी आठवडाभर हलत नाही. मातीची कुंडी घाटावर फारच छान काम करते. किनारपट्टीला जुलैत तीही घामेजून बसते, तेव्हा केवळ तिच्या भरवशावर राहू नका.

माथ्यावर उजेड

याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि माझ्या मते कुजण्याचं निम्मं कारण इथे असतं. कुंडी छताजवळ टांगली की सरींवर खिडकीतून उजेड पडतो आणि मातीचा भाग छताच्या सावलीत राहतो. फ्लॅटच्या बाल्कनीत वरच्या मजल्याचा स्लॅब असतो, खिडकीच्या ग्रिलमध्ये वर पत्रा असतो. परिणाम तोच. माथ्यावर उजेड नाही म्हणून तिथले मणी गळतात, नवे फुटत नाहीत, आणि अंधारातली माती वाळत नाही. वरून टक्कल आणि खाली लांबच लांब सरी असं झाड दिसलं की समजावं, ते पुढच्या पावसाळ्यात जाणार.

कुंडी खाली घ्या. खिडकीच्या चौकटीच्या वरच्या कडेपेक्षा मातीचा पृष्ठभाग खाली असला पाहिजे, म्हणजे उजेड तिरपा का होईना मातीवर पडतो. सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन मिळालं तर फारच उत्तम. पश्चिमेचं ऊन मार्चपासून मेपर्यंत नको, मणी भाजून पांढरट होतात. दोन मण्यांमधलं अंतर वाढत चाललं असेल तर उजेड कमी पडतोय. खूप लांब झालेल्या दोन-चार सरी कापून टाकण्याऐवजी वर मातीवर गोल गुंडाळून ठेवा आणि केसांच्या आकड्यांनी दाबून बसवा. प्रत्येक पेराशी मूळ धरतं आणि माथा पुन्हा भरतो. मूळच्या मुलखात ते जसं वाढतं, तसंच आपण त्याला इथे वाढू देतो.

आपल्याकडचं वर्ष उलटं आहे

इंटरनेटवरचा बहुतेक मजकूर थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेला आहे. उन्हाळा हा वाढीचा काळ, तेव्हा पाणी आणि खत द्या, हिवाळ्यात पाणी तोडा, असं त्यात असतं. लंडन किंवा टोरांटोत राहणाऱ्या वाचकांनी ते जरूर पाळावं. महाराष्ट्रात तेच पाळलं तर मेमध्ये खत घातलं जातं आणि डिसेंबरमध्ये झाड तहानेनं सुकतं.

इथे झाड जोमाने वाढतं ते पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरपासून साधारण मार्चच्या सुरुवातीपर्यंत. पाणी, खत, कुंडी बदलणं, छाटणी, सगळं याच दिवसांत. थंडी चांगली पडली तर पांढरी, झुपकेदार, दालचिनीसारख्या वासाची फुलंही येतात. पुण्या-नाशकात ती शक्यता जास्त. निफाडसारख्या ठिकाणी पारा अगदी खाली उतरतो तेव्हा रात्री कुंडी घरात घ्या. एप्रिल-मेमध्ये झाड थांबतं. ते मलूल दिसतं ते उष्णतेने. तेव्हा सावली द्या, पाणी वाढवू नका. विदर्भात तर खरी परीक्षा मेमध्येच होते. तिथे एक गोष्ट लक्षात ठेवावी: कूलरच्या झोतात ही कुंडी ठेवू नये. ती हवा गार असली तरी ओली असते आणि भर उन्हाळ्यात पावसाळ्याची लक्षणं दिसू लागतात.

पावसाळ्याचे चार महिने

मेच्या शेवटच्या आठवड्यात पाणी कमी करा. पहिल्या मोठ्या पावसाच्या वेळी कुंडी जवळपास पूर्ण कोरडी असली पाहिजे. किंचित सुरकुतलेलं झाड पावसाळ्यात शिरलेलं चांगलं, तुडुंब भरलेलं वाईट.

कुंडी अशा जागी हलवा जिथे पावसाची झड येत नाही, पण वारा खेळतो. बंद काचेच्या खिडकीपेक्षा पंखा चालू असलेली दिवाणखान्यातली उजेडाची जागा बरी. ढगाळ दिवसांत उजेड फारच कमी पडतो, म्हणून शक्य असेल तर ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी बल्ब माथ्यापासून फूटभर वर, रोज दहा-बारा तास. महागड्या जांभळ्या दिव्यांची गरज नाही.

पाणी मणी मागतील तेव्हाच, आणि मागितल्यावरही दोन दिवस थांबून. उघडीप बघा, सकाळी ताटलीत बोटभर पाणी घेऊन कुंडी त्यात दहा मिनिटं ठेवा, मग उचलून पूर्ण निथळू द्या. खालून पाणी दिल्याने सरींचं बूड कोरडं राहतं आणि कूज तिथूनच सुरू होत असल्यामुळे एवढ्या एका सवयीने बरीच झाडं तरतात. वरून फवारा मारणं या दिवसांत पूर्ण बंद. खत बंद. काही कुंड्यांना अख्ख्या जुलैत पाणी लागत नाही. त्याने घाबरू नका.

ताक, तांदळाचं धुवण, केळीच्या सालींचं पाणी, वापरलेली चहापत्ती यांबद्दल हल्ली खूप विचारलं जातं. या झाडाला यातलं काहीही नको. लहानशा कुंडीत हे पदार्थ कुजतात, चिलटं येतात आणि बुरशीला खाद्य मिळतं. हवं तर १९:१९:१९ हे (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) विद्राव्य खत लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, थंडीत महिन्यातून एकदा. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणीही घालू नका. पाणी वाचवायची भावना चांगली आहे, पण त्यात क्षार एकवटलेले असतात. बोअरचं किंवा टँकरचं पाणी जड असेल तर कुंडीवर पांढरे थर दिसतात. तसं असेल तर पावसाचं पाणी बादलीत धरून ठेवा, या कामासाठी त्यासारखं दुसरं नाही.

कूज सुरू झालीच असेल तर

मुळं वाचवण्यात वेळ घालवू नका, सरी वाचवा. बुडाशी काळं दिसलं की त्याच दिवशी कात्री स्पिरिटने पुसून घ्या आणि प्रत्येक सर कुजलेल्या भागाच्या दोन-तीन इंच पुढे कापा. कापलेलं टोक निरखून बघा. आत तपकिरी ठिपका दिसला तर आणखी पुढे कापा, आतून स्वच्छ हिरवं लागेपर्यंत. चार-चार इंचांचे तुकडे करा, कापलेल्या टोकाकडचे दोन-तीन मणी काढा आणि सावलीत वर्तमानपत्रावर सुकू द्या. कोरड्या हवेत एक दिवस पुरतो, पावसाळ्यात दोन-तीन दिवस ठेवा. तेवढ्याने ते मरत नाहीत, त्यांच्याकडे स्वतःचं पाणी असतं.

मग नव्या, जेमतेम ओलसर मिश्रणावर तुकडे आडवे पसरा. पुरू नका. आकड्याने अलगद दाबून पेरं मातीला टेकवा. पावसाळ्यात वर प्लॅस्टिक किंवा काचेचं झाकण घालायची गरज नाही, हवेतला ओलावा पुरेसा असतो. दोन ते चार आठवड्यांत पांढरी मुळं दिसतात. अगदी दोन इंचांचा तुकडा उरला असेल तरी लावा.

जुनी माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. कुंडी साबणाने धुऊन उन्हात वाळवा. कार्बेन्डाझिम आणि मँकोझेब यांचं मिश्र बुरशीनाशक लिटरला दोन ग्रॅम घेऊन नव्या मातीवर एकदा देता येतं. हातमोजे आणि मास्क घालून, घराबाहेर. मात्र औषधाने कुजलेला देठ परत हिरवा होत नाही. पुढची लागण थांबवण्यापुरताच त्याचा उपयोग.

कीड थोडक्यात. खिडकीपाशी मुंग्यांची रांग दिसली तर मण्यांच्या देठांशी पिठ्या ढेकूण शोधा, कापसासारखे पांढरे ठिपके असतात. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एकेक पुसा, आठवड्याने पुन्हा. कडुनिंबाचं तेल द्यायचं तर संध्याकाळी आणि पातळ, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या उन्हात मणी भाजतात. पावसाळ्यात रात्री गोगलगायी येतात, त्या हाताने वेचा.

घरात मांजर, कुत्रा किंवा रांगतं मूल असेल तर आणखी एक काळजी. मणी मटारच्या दाण्यांसारखे दिसतात आणि पोटात गेले तर विषारी असतात. उलट्या, जुलाब होऊ शकतात. देठाच्या चिकाने काहींच्या त्वचेला खाज सुटते. कुंडी माथ्यावर उजेड येईल इतकी खाली हवी आणि सरी पोरांच्या हाताला लागणार नाहीत इतक्या वर हव्यात. हे जमवायचं तर सरी आखूड ठेवा.

किनारपट्टीला हे सगळं करूनही झाड टिकत नसेल, तर मी स्ट्रिंग ऑफ हार्ट्स ही बदामी आकाराच्या पानांची लटकती वेल लावायला सांगेन. तेही आफ्रिकेतलंच, पण त्याला मातीत गाठी असतात आणि सरींवरही छोट्या गाठी येतात. वरचा भाग गेला तरी ते गाठीतून पुन्हा फुटतं. त्याच्या सेरोपेजिया या प्रजातीतली, कंदिलासारख्या फुलांची आपली रानझाडं पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यांवर फुलतात. त्यांतल्या काही जाती फक्त इथेच आढळतात आणि दुर्मीळ आहेत, त्यांना तिथेच राहू द्यावं. नर्सरीतलं स्ट्रिंग ऑफ हार्ट्स मात्र सहज मिळतं.

आणि पर्ल्सच पुन्हा घ्यायचं असेल तर ऑक्टोबरपर्यंत थांबा. नर्सरीत सगळ्यात लांब सरींची कुंडी उचलू नका. सरी वर करून मातीलगतचा भाग बघा, माथ्यावर दाट, छोटे, ताजे मणी आहेत का ते बघा, एखादी सर हलकेच ओढा. आखूड सरींची पण भरल्या माथ्याची कुंडी निवडा, आणि घरी आणलं की पहिल्याच दिवशी खालची बशी काढून टाका.